ही चाल कुणाकडून घेतलीस?

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो, नमस्कार.

बोलायला उभं राहण्याआधी मी व्हायोलिनवर एक चाल वाजवली, जेमतेम मिनिटभराची. पुढच्या रांगेतल्या काहींनी पायाने ठेका धरलेला मला दिसला. या चालीला दोन नावं आहेत. उत्तर आयर्लंडमधल्या प्रोटेस्टंट वस्तीत ती वाजवली तर लोक म्हणतील, ही तर 'बॉइन वॉटर'. १६९० साली बॉइन नदीकाठी ऑरेंजच्या विल्यमने कॅथलिक राजा जेम्सचा पराभव केला, त्या विजयाचं हे गाणं. दरवर्षी बारा जुलैच्या मिरवणुकीत ते वाजतं. आता तीच चाल घेऊन बेटाच्या दक्षिणेला, मुन्स्टर प्रांतात या. तिथे ती आयरिश भाषेतल्या एका गाण्याची चाल आहे. अठराव्या शतकातल्या एका कॅथलिक कवीचं ते गाणं; 'मुन्स्टरचा रणघोष' असा त्याच्या नावाचा अर्थ. हरलेल्या त्या जेम्सचे वंशज गलबतं घेऊन परत येतील, आपले दिवस पालटतील, ही आस त्या गाण्यात आहे. म्हणजे जेम्स हरला म्हणून एक बाजू ज्या सुरांत आनंद करते, त्याच सुरांत दुसरी बाजू त्याच्या घराण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसते.

ही चाल आधी कुणाची, हा प्रश्न मीही सुरुवातीला विचारला होता. आता विचारत नाही. ती कुणाकडून कुणाकडे गेली, हे मला जास्त मोलाचं वाटतं, आणि आज मी त्याच वाटेबद्दल बोलणार आहे.

मी बेलफास्टला क्वीन्स विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा मला त्या देशाबद्दल वर्तमानपत्रात येतं तेवढंच ठाऊक होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अल्स्टर प्रांतात स्कॉटलंड आणि इंग्लंडहून प्रोटेस्टंट लोक आणून वसवले. जमिनी त्यांच्याकडे गेल्या, मूळच्या कॅथलिकांच्या हातून सुटल्या. १९२१ साली फाळणी झाली आणि सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८पर्यंत तिथे जो हिंसाचार चालला त्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. हा सगळा हिशेब मी पाठ करून गेले होते. पण शहरातल्या त्या भिंती प्रत्यक्ष पाहिल्या तेव्हा पोटात कालवलं. १९६९पासून उभ्या राहिलेल्या, घरांच्या परसातून जाणाऱ्या, वर जाळी लावलेल्या भिंती. फॉल्स रोडवरची कॅथलिक मुलं एका शाळेत, शँकिल रोडवरची प्रोटेस्टंट मुलं दुसऱ्या शाळेत. दोन वस्त्यांमध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर. माणसाचं आडनाव, शाळा, राहता रस्ता यांवरून तो कुठला हे समोरच्याला कळतं. इतकंच काय, इंग्रजी वर्णमालेतलं 'एच' हे अक्षर तो कसं उच्चारतो यावरूनही लोक अंदाज बांधतात. प्रोटेस्टंट 'एच' म्हणतो, कॅथलिक आपल्या 'हेच'सारखं म्हणतो. एका अक्षराने माणूस उघडा पडतो, अशी ती जागा.

अशा शहरात मी पहिल्यांदा सेशनला गेले. सेशन म्हणजे मैफल नव्हे, तिथे व्यासपीठ नसतं. पबच्या एका कोपऱ्यात टेबलाभोवती खुर्च्या, आणि वाजवणाऱ्यांची तोंडं एकमेकांकडे. गिऱ्हाइकांना त्यांच्या पाठी दिसतात. आपलं भजनी मंडळ देवळात गोलात बसतं, तसं. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, लाकडी फ्लूट, टिन व्हिसल, काखेतल्या भात्याने हवा भरायचे इलन पाइप्स, काँसर्टिना, आणि एखादं बौरान, म्हणजे बकरीचं कातडं ताणलेली मोठी खंजिरीसारखी चौकट. कुणीतरी एक धून सुरू करतो. ज्यांना येते ते तिसऱ्या-चौथ्या सुराला शिरतात. ज्यांना येत नाही ते वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, की एक आवर्तन पूर्ण. अशी साधारण तीन आवर्तनं झाली की सुरू करणारा मान उचलतो किंवा भुवई, आणि सगळे न थांबता दुसऱ्या धुनेत उडी घेतात. जिगचा ठेका आपल्या दादऱ्याच्या जवळचा, सहा मात्रांचा; रील म्हणजे धावता केरवा. सगळे एकच धून वाजवतात, पण प्रत्येकाच्या हरकती वेगळ्या. नीट ऐकलं तर दहा जणांत दहा स्वभाव ऐकू येतात.

त्या कोपऱ्यात एक वयस्क गृहस्थ फिडल वाजवत. जहाजांच्या कारखान्यात सुतारकाम करून निवृत्त झालेले. उजव्या हाताचं एक बोट पेरापासून वाकडं. मी दोन-तीन आठवडे नुसती बसून ऐकत होते. एके रात्री त्यांनी माझ्या पेटीकडे बोट दाखवलं. मी व्हायोलिन काढलं आणि सवयीने खाली बसून पायावर टेकवलं. आपल्याकडे आपण तसंच वाजवतो. ते खुर्चीवरून उठून माझ्यासमोर फरशीवर बसले. गुडघे दुखत असणार, पण बसले. माझा लांब, घासून नेलेला गज पाहून म्हणाले, गज इतका खर्चू नकोस, मनगट सैल सोड. मग एक जिग चार-चार सुरांचे तुकडे करून शिकवली. तासभर लागला. एकदाही कागद आला नाही. शेवटी मला अख्खी वाजवता आली तेव्हा त्यांनी सांगितलं, ही मला अमक्याने दिली, त्याला त्याच्या मामाने, आणि मामा ही कापणीच्या दिवसांत डोनेगलला कामाला जायचा तेव्हा तिथल्या एका बाईकडून शिकला. नावं त्यांनी अशी सांगितली की जणू ती धुनेचाच भाग आहेत.

पुढे कळलं की हा तिथला रिवाजच आहे. धून वाजवून झाली की शेजारचा विचारतो, ही कुणाकडून घेतलीस? पुष्कळ धुनांना नावच नसतं. ज्याच्याकडून मिळाली त्याच्या नावाने ती ओळखली जाते. सुतारकाकांनी जी नावं घेतली त्यांतली दोन उघड एका बाजूची होती, एक उघड दुसऱ्या बाजूचं. ज्या शहरात आडनावावरून माणसाची बाजू ठरते, तिथे आडनावांची ही माळ दोन्ही बाजूंनी ओवलेली होती, आणि ती म्हणताना त्यांचा आवाज कुठेही अडखळला नाही.

आता थोडं मागे जाते. बेलफास्ट, जुलै १७९२. असेंब्ली रूम्समध्ये आयर्लंडभरच्या हार्पवादकांना बोलावलेलं. दहा आयरिश आणि एक वेल्श. त्यांतले बरेच अंध, बरेच म्हातारे. डेनिस हेम्पसन तर सत्त्याण्णव वर्षांचे असल्याचं सांगत. लहानपणी देवी येऊन डोळे गेलेले. पितळी तारा वाढवलेल्या नखांनी छेडण्याची जुनी पद्धत जमलेल्यांत एकट्या त्यांच्याकडेच उरली होती. हा मेळा भरवणारे कोण? बेलफास्टचे प्रोटेस्टंट डॉक्टर आणि व्यापारी. पुढाकार डॉ. जेम्स मॅकडॉनेल यांचा. लहानपणी ते स्वतः आर्थर ओनील या अंध वादकाकडे हार्प शिकले होते. नऊ महिन्यांपूर्वीच, ऑक्टोबर १७९१मध्ये, याच शहरात युनायटेड आयरिशमेन ही संघटना उभी राहिली होती. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांनी एकत्र येऊन आयर्लंडचं राज्य सुधारावं म्हणणारी. तिच्या चिन्हावरही हार्पच होती.

त्या मेळ्यात सुरावटी टिपून घ्यायला एडवर्ड बंटिंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या चर्च-ऑर्गनवादकाला बसवलं होतं. ऐकशील तसं लिही, पदरचं काही घालू नकोस, ही त्याला ताकीद. त्याने पुढे आयुष्यभर तेच केलं. खेड्यापाड्यांत फिरला, हेम्पसनच्या घरी गेला, तीन संग्रह छापले. शेवटचा १८४० सालचा. छापताना त्याने पियानोचा साज चढवला, हे मला फार खटकतं. नखांनी छेडलेल्या तारेचा नाद त्या पानांत हरवला. पण त्याच्या मूळ वह्या क्वीन्सच्या ग्रंथालयात आहेत, आणि त्यांत घाईघाईने टिपलेले नुसते ठिपके आहेत, दांडीसुद्धा न जोडलेले. समोर म्हातारा वाजवतोय आणि हा पोरगा धापा टाकत त्याच्यामागे धावतोय, असं ते पान दिसतं. मी त्या पानावर बराच वेळ बसले होते.

बंटिंग राहायचा मॅक्रॅकन कुटुंबात. प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्याच एका पंथाचं कुटुंब. त्या घरचा मुलगा हेन्री जॉय युनायटेड आयरिशमेनने ब्रिटिश सत्तेविरुद्ध केलेल्या १७९८च्या उठावाचा एक पुढारी; त्याच वर्षी जुलैमध्ये त्याला बेलफास्टमध्ये फाशी दिली. त्याची बहीण मेरी अ‍ॅन भावाच्या मागे अडुसष्ट वर्षं जगली. गुलामगिरीविरुद्ध, गरिबांच्या मुलांसाठी झटली, आणि बंटिंगच्या कामाला हातभार लावत राहिली. १८०२ साली या मंडळींनी पॅट्रिक लिंच या आयरिश भाषेच्या जाणकाराला कॉनाख्त प्रांतात पाठवलं, गाण्यांचे शब्द गोळा करायला. भाऊ फासावर गेला त्याला चारच वर्षं झाली होती. शोकातल्या प्रोटेस्टंट घरातून कॅथलिक खेड्यांतली गाणी जपायला माणूस निघतो, हे मला विसरता येत नाही.

मग हे संगीत एका बाजूचं कसं झालं? एका दिवसात झालं नाही. उठाव चिरडला गेला, उत्तरेतले प्रोटेस्टंट हळूहळू ब्रिटनशी एकनिष्ठ राहण्याकडे वळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेची चळवळ उभी राहिली. तिचा पहिला अध्यक्ष डग्लस हाइड हाही प्रोटेस्टंट, पण चळवळ लवकरच राष्ट्रवादाच्या प्रवाहात गेली. फाळणीनंतर दक्षिणेच्या नव्या राज्याने भाषा, नृत्य, संगीत ही आपली ओळख म्हणून छातीवर लावली. उत्तरेतल्या प्रोटेस्टंटाला वाटू लागलं, हे आता त्यांचं, आपलं नाही. ज्या चाली त्याचा आजा वाजवत होता, त्या नातवाला परक्या वाटू लागल्या. पारंपरिक संगीताची मोठी संघटना कोल्टस १९५१ साली स्थापन झाली. तिचा वार्षिक मेळा म्हणजे फ्ला. १९७१मध्ये उत्तरेत बिनचौकशी स्थानबद्धता सुरू झाली तेव्हा निषेध म्हणून त्या वर्षीचा फ्ला रद्द केला गेला. त्यामागची वेदना खरी होती. पण उत्तरेतल्या प्रोटेस्टंट वादकापर्यंत त्याचा अर्थ असा पोचला की या ओसरीवर आता आपल्याला जागा नाही.

दुसऱ्या बाजूचं वाद्य म्हणजे लॅम्बेग. हा ढोल तुम्ही जवळून ऐकला नसेल तर शब्दांनी सांगणं अवघड आहे. तीन फुटांच्या आसपास व्यासाचा, ओकच्या लाकडाचा, गळ्यात अडकवून वेताच्या छड्यांनी दोन्ही बाजूंनी वाजवायचा. वाजवणाऱ्याच्या मनगटांची सालं कडेवर घासून निघतात, रक्त येतं. आपल्या मिरवणुकीत ढोलवाल्यांच्या बोटांना पट्ट्या असतात ना, तसंच. आवाज छातीत शिरतो. बारा जुलैच्या आधी कॅथलिक वस्तीच्या जवळून हा ढोल वाजत गेला की घरातली माणसं दारं लावून घेत. दहशतीसाठी तो वाजवला गेला, हे झाकण्यात अर्थ नाही. पण त्याचं कातडं बकरीचं, आणि बौरानचंही बकरीचं. लॅम्बेगवर जे ठेके वाजतात त्यांत जिग आणि हॉर्नपाइप हे नाचाचेच ठेके आहेत. सोबतच्या फाइफ या आडव्या पाव्यावर वाजणाऱ्या कितीतरी चाली शेजारच्या कॅथलिक स्वयंपाकघरातही फिडलवर वाजत. कॅथलिकांच्या हायबर्नियन मंडळांच्या मिरवणुकांतही एकेकाळी लॅम्बेग असे. हा सगळा इतिहास खेडोपाडी फिरून गोळा करणाऱ्यांत गॅरी हेस्टिंग्ज हे बेलफास्टचे फ्लूटवादक आहेत. ते स्वतः चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चचे धर्मगुरू आहेत.

माझ्या सर्वांत आवडत्या माणसाकडे येते. सॅम हेन्री. कोलरेन गावचा प्रोटेस्टंट, सरकारी नोकरीत. म्हाताऱ्यांची पेन्शन मंजूर करण्यासाठी त्यांच्या घरी जाऊन चौकशी करणं हा त्याच्या कामाचा भाग. सरकारी माणूस दारात आला की म्हातारी माणसं गप्प होतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. हेन्री वाजवणारा आणि गाण्यांवर जीव असलेला माणूस. कागद बाजूला ठेवून तो गाण्यांबद्दल विचारायचा. सत्तरीची माणसं बापाच्या, आजीच्या तोंडची गाणी म्हणून दाखवायची. १९२३पासून १९३९पर्यंत कोलरेनच्या साप्ताहिकात त्याने 'लोकांची गाणी' असं सदर चालवलं. प्रेमाची, नांगरटीची, परदेशी निघालेल्यांची, शिकारीची गाणी; कॅथलिक घरातली आणि प्रोटेस्टंट घरातली, शेजारी शेजारी. आणि चाल छापताना त्याने टॉनिक सोल्फा वापरलं, म्हणजे डो, रे, मी. आपल्या सारेगमची सख्खी चुलत बहीण! रेघांवरचं लेखन ज्याला वाचता येत नव्हतं त्या शेतमजुरालाही वर्तमानपत्र हातात धरून गाता यावं म्हणून. फाळणीला दोन-तीन वर्षं झालेली, सीमेवर नाके बसलेले, आणि हा सरकारी कर्मचारी कुठली चाल कुठून आली त्याची नोंद करत बसलाय. मी त्याचं सदर वाचते तेव्हा गाण्याखाली दिलेली गावांची आणि माणसांची नावं आधी वाचते.

आता त्या तीस वर्षांबद्दल. संगीताने तिथे शांतता आणली असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे भेटतात आणि मला त्यांचा राग येतो, कारण मेलेल्यांच्या घरच्यांना हे ऐकवत नाही. एक प्रसंग सांगते. १९७२ सालचं बेलफास्ट. गायक डेव्हिड हॅमंड आणि कवी शेमस हीनी एका मित्रासाठी गाणी आणि कविता ध्वनिमुद्रित करायला स्टुडिओत निघाले होते. हॅमंड प्रोटेस्टंट घरातले, हीनी कॅथलिक. वाटेत स्फोटांचे आवाज आले, मग रुग्णवाहिका आणि बंब. स्टुडिओत पोचल्यावर हॅमंडला गाता येईना. बाहेर माणसं मरत असताना गाणं त्यांना गुन्हा वाटला. त्यांनी गिटार पेटीत ठेवली आणि दोघे घरी गेले. हीनींनी हा प्रसंग पुढे लिहून ठेवला आहे. गाणं म्हणजे औषधाची गोळी नव्हे, हे समजून घ्यायला हा एक प्रसंग पुरे.

दुसरा प्रसंग बोलायला जड जातो. मायामी शोबँड हा डब्लिनचा लोकप्रिय नाचगाण्याचा बँड. पारंपरिक संगीताचा नव्हे, पण त्यात कॅथलिक होते तसे प्रोटेस्टंटही होते, आणि उत्तर-दक्षिण दोन्हीकडचे तरुण त्यांच्या गाण्यांवर नाचत. ३१ जुलै १९७५च्या पहाटे बॅनब्रिजचा कार्यक्रम करून ते परत निघाले असताना लष्करी गणवेशातल्या लोकांनी गाडी अडवली. ती चौकी खोटी होती. गाडीत ठेवत असतानाच बाँब फुटला, ठेवणारे दोघे मेले, आणि बाकीच्यांनी बँडच्या तिघांना गोळ्या घातल्या. तिघांतला एक, ब्रायन मॅककॉय, टायरोन परगण्यातला प्रोटेस्टंट. त्यानंतर दक्षिणेतल्या बँडनी उत्तरेत येणं जवळजवळ थांबवलं. वाद्याची पेटी हातात आहे म्हणून कुणी वाचत नव्हतं.

हे असूनही काही जण वाजवत राहिले, आणि त्यांच्या राहण्याला म्हणूनच किंमत आहे. १९६७मध्ये पोर्टाडाउनचा रॉबिन मॉर्टन आणि फर्मानाचा फ्लूटवादक काहल मॅककॉनेल यांनी टॉमी गन यांच्यासह 'बॉइज ऑफ द लॉख' हा गट काढला. मॉर्टन प्रोटेस्टंट, मॅककॉनेल कॅथलिक. पुढची सगळी भयंकर वर्षं हा गट जगभर वाजवत होता. आर्माह शहरात १९६६मध्ये व्हॅली दांपत्याने आर्माह पायपर्स क्लब सुरू केला आणि स्फोट, तपासणी, बंद रस्ते या सगळ्यांत शिकवणी चालू ठेवली. हे काम मला सर्वांत मोठं वाटतं. तुम्ही कुणी मुलांना गाणं शिकवत असाल तर तुम्हाला कळेल, दर आठवड्याला वर्ग उघडणं म्हणजे काय.

आणि जो होम्स. अँट्रिम परगण्यात बॅलीमनीजवळ राहणारा, १९०६ साली जन्मलेला प्रोटेस्टंट फिडलवादक आणि गायक. त्याचं घर म्हणजे 'केली'चं घर. केली म्हणजे संध्याकाळी शेजाऱ्यांनी जमून गप्पा, गाणी, नाच. त्या घरात दोन्ही बाजूंचे शेजारी येत. लेन ग्रॅहम हा तरुण गायक १९६०च्या दशकात त्याच्याकडे येऊ लागला, गाणी घेऊ लागला. १९७८मध्ये होम्स गेला तोवर दोघे जोडीने गात होते. नंतर लेन ग्रॅहमने जोडी जमवली जॉन कॅम्बेल या दक्षिण आर्माहच्या कॅथलिक कथेकऱ्याशी. हे दोघे शाळाशाळांतून फिरले. एक गाणार, दुसरा गोष्ट सांगणार. कॅथलिक शाळेतही तेच आणि प्रोटेस्टंट शाळेतही तेच. प्रवचन नाही, एकीची शपथ नाही. मुलांना इतकंच दिसायचं की हे दोन काका एका गाडीतून आले, एकमेकांच्या गोष्टीला हसले, आणि एकत्रच परत गेले. लेन ग्रॅहम गाण्याआधी सांगतो, हे गाणं मला जो होम्सने दिलं. त्या एका वाक्यात मुलाला जे कळतं ते सामाजिक सलोख्याच्या तासाला कळणं कठीण आहे असं मला वाटतं.

ढोलाकडे परत येते, कारण त्याची गोष्ट अर्धी राहिली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डेरीच्या रॉय आर्बकलने 'डिफरंट ड्रम्स' हा गट उभा केला. लॅम्बेग आणि बौरान एकत्र. आवाजाने एक दुसऱ्याला गिळून टाकेल अशी जोडी. लॅम्बेगवाल्याला हात आवरायला शिकावं लागलं, बौरानवाल्याला त्या गडगडाटात आपली जागा शोधावी लागली. एप्रिल १९९८मध्ये बेलफास्टमधल्या स्टॉरमाँट या सरकारी परिसरात शांतताकराराच्या वाटाघाटी शेवटच्या दिवसांत अडकल्या होत्या, तेव्हा काउंटी डाउनचे गायक टॉमी सँड्स शाळकरी मुलांना आणि लॅम्बेगवाल्यांना घेऊन इमारतीबाहेर जमले आणि गायले. करार १० एप्रिलला झाला. तो गाण्याने झाला नाही, वाटाघाटींनी झाला. पण आतल्या माणसांनी खिडकीतून तो ढोल मुलांच्या गाण्याला ठेका देताना ऐकला. आयुष्यभर त्यांनी तो एकतर मिरवला होता, नाहीतर सोसला होता.

मी तिथे होते त्या काळात, ऑगस्ट २०१३मध्ये, फ्ला पहिल्यांदा उत्तर आयर्लंडमध्ये भरला. डेरीत. या शहराचं नावसुद्धा भांडणाचं आहे. कॅथलिक डेरी म्हणतात, अनेक प्रोटेस्टंट लंडनडेरी. आठवडाभरात चार लाखांहून जास्त माणसं आली. मधून फॉइल नदी वाहते. पश्चिमेला बहुतांशी कॅथलिक वस्ती, पूर्वेला वॉटरसाइडला बरेच प्रोटेस्टंट. २०११मध्ये बांधलेला पायी जायचा पीस ब्रिज दोन्ही काठ जोडतो, आणि पूर्वेच्या टोकाला एब्रिंग्टन ही जुनी लष्करी छावणी. जिथे सैनिकांची कवायत चालायची, तिथे मेळ्याचा मंच होता. शहरातल्या प्रोटेस्टंट बँडमंडळींनीही त्या मेळ्यात वाजवलं. ही सोपी गोष्ट नव्हती; दोन्हीकडच्या घरांत त्यावर बोलणी झाली असणार. फ्लूट बँडची गणवेशातली मुलं आणि कोल्टसच्या स्पर्धेला आलेली व्हिसलवाली मुलं त्या पुलावर समोरासमोर आलेली मी पाहिली. ती थांबली, एका मुलाने दुसऱ्याच्या फ्लूटच्या चाव्या निरखल्या, बोटं कशी पडतात ते विचारलं, आणि आपापल्या वाटेने गेली. एवढंच. भिंती आजही उभ्या आहेत, आणि बहुसंख्य मुलं आजही वेगवेगळ्या शाळांत जातात.

भारतात परतायच्या आधीच्या आठवड्यात मी सुतारकाकांकडे निरोप घ्यायला गेले. त्यांनी चहा केला, बिस्किटं काढली, आणि म्हणाले, तू इतक्या धुना घेतल्यास, एक देऊन जा. मला एकदम सुचेना. मग आजीच्या तोंडची जात्यावरच्या ओवीची चाल आठवली. साधीच, चार-पाच सुरांत फिरणारी. मी ती वाजवली. त्यांनी चौथ्या वेळेला उचलली. ओवीला जिगचा झोका आला, आणि तो तिला शोभला. वाकडं बोट गजावर नीट बसवत त्यांनी ती पुन्हापुन्हा वाजवली. मग विचारलं, कुणाकडून घेतलीस?

मी आजीचं नाव सांगितलं. सीता. त्यांना ते नीट म्हणता येईपर्यंत मी तीनदा सांगितलं. आजीला कुणी दिली असेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिच्या सासूने, बहुतेक. ते मान डोलावून म्हणाले, बाईकडून बाईकडे आली, आता म्हाताऱ्याकडे आली.

दोन वर्षांनी बेलफास्टहून एका मैत्रिणीने फोन केला. सेशनमध्ये एक नवी धून ऐकली म्हणाली, तिला सगळे 'सीताची जिग' म्हणतात. हे तुमच्याकडचं नाव ना? ती वाजवणारा मुलगा फॉल्स रोडवरचा होता.

आता मी ती वाजवते, आधी आजी म्हणायची तशी, मग ते वाजवायचे तशी.